कच्च्या लिंबाची जागा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी सध्या दोन वर्षांच्या एक बाई राहतात. नात्यानं माझी नात, पण घरातला अधिकार पाहता 'बाई' म्हणणंच योग्य. संध्याकाळचे साडेपाच वाजले की बाई स्वतःच्या चपला हातात घेऊन दाराशी येऊन उभ्या राहतात. मग आमची वरात निघते. पुढे ती, तिचं बोट धरून मी आणि मागे पिशवी घेतलेल्या तिच्या आजी. पिशवीत पाण्याची बाटली, रुमाल, राजगिऱ्याचा लाडू आणि कपड्यांचा एक जादा जोड. मुलगा किंवा सूनबाई कामावरून वेळेवर सुटले तर परस्पर बागेतच येऊन मिळतात. म्हणजे अडीच फूट उंचीच्या एका माणसाला खेळायला न्यायचं, तर तीन-चार मोठी माणसं कामाला लागतात.

बाग चांगली आहे. मध्यंतरी तिचं नूतनीकरण झालं. लाल-पिवळी उंच घसरगुंडी आली, दोरांचं जाळं आलं, साखळ्यांचे झोपाळे आले आणि खाली सगळीकडे मऊ रबराची फरशी बसली. बाई आत शिरतात, या वैभवाकडे एकदा पाहून घेतात आणि सरळ कोपऱ्यात चालू लागतात. तिथे माळीबुवांनी कुंड्या भरण्यासाठी आणलेल्या लाल मातीचा ढीग असतो. ढिगाशेजारी फतकल मारून बसायचं, मूठभर माती उचलायची, दुसऱ्या हातावर ओतायची, पुन्हा उचलायची. एवढाच खेळ. आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडतो, "अगं, माती!" की पिशवीतला रुमाल बाहेर येतो.

परवा असाच रुमालाचा कार्यक्रम चालू असताना शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलं पकडापकडी खेळत होती. त्यातल्या एकाच्या मागे त्याचा धाकटा भाऊ लागला होता. तीनेक वर्षांचा असेल. तो मधूनच पळे, मधूनच उभा राही, राज्य असलेल्या मुलाला स्वतःच जाऊन मिठी मारे. नवीन आलेल्या एकानं त्याला आउट म्हणून जाहीर केलं, तशी बाकीची सगळी ओरडली, "ए, तो कच्चं लिंबू आहे!"

कितीतरी वर्षांनी तो शब्द कानावर पडला. तुम्हा-आम्हा सर्वांनाच तो ठाऊक आहे. कच्चं लिंबू म्हणजे खेळात असलेला पण हिशेबात नसलेला भिडू. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, पण त्याला खेळाबाहेरही काढत नाहीत. कारण उघड आहे. थोरल्या बहिणीला किंवा भावाला खेळायला जायची परवानगी मिळायची ती 'धाकट्याला बरोबर ने' या अटीवरच. मुलांनी मग आपल्या बुद्धीनं एक कायदा केला, आणि मला तो फार शहाणा कायदा वाटतो.

त्या दिवशी घरी आल्यावर माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. मुलांनी आपल्या खेळात कच्च्या लिंबासाठी जागा ठेवली. मुलांसाठी क्रीडांगणं बांधणाऱ्या मोठ्या माणसांनी ती ठेवली का? त्या निमित्तानं क्रीडांगणांचा इतिहास थोडा चाळला, आणि गंमत अशी निघाली की त्या इतिहासाची एक मोठी सुरुवात या कच्च्या लिंबापासूनच झालेली आहे. तीही मातीच्या ढिगातून. अगदी नेमकं सांगायचं तर वाळूच्या.

ढीग मूळचा जर्मनीतला. बालोद्यानाचा, म्हणजे किंडरगार्टनचा जनक फ्रेडरिक फ्रोबेल याच्या विचारांनी भारलेल्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लहान मुलांसाठी वाळूचे ढीग घालायला सुरुवात केली. खरं तर ते दिवस या मंडळींना फार अनुकूल नव्हते. १८५१ साली प्रशियाच्या सरकारनं बालोद्यानांवर चक्क बंदी घातली होती, आणि ती जवळजवळ दहा वर्षं टिकली. चार वर्षांच्या मुलांच्या खेळानं राज्य उलथेल अशी भीती सरकारांना वाटू शकते, हे ऐकून हसू येतं. पुढे बंदी उठली आणि बर्लिनच्या सार्वजनिक बागांतूनही वाळूचे ढीग दिसू लागले.

१८८५ च्या उन्हाळ्यात एक डॉक्टरबाई बर्लिनला गेल्या होत्या. मारी झाक्शेव्स्का त्यांचं नाव. जन्म बर्लिनचाच, पण तरुणपणी त्या अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि १८६२ साली बोस्टन शहरात त्यांनी स्त्रिया आणि मुलांसाठी एक रुग्णालय काढलं. न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन. तिथे डॉक्टरही स्त्रियाच. या बाईंनी बर्लिनच्या बागांमधले वाळूचे ढीग पाहिले, त्यात खेळणारी गरीब-श्रीमंत घरांतली मुलं पाहिली, आणि बोस्टनमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या स्त्रियांच्या एका संस्थेला पत्र लिहून कळवलं की हे आपल्याकडे का करू नये?

पत्र वाया गेलं नाही. बोस्टनच्या उत्तर भागात तेव्हा बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांची दाट वस्ती होती. अंधाऱ्या खोल्या, अरुंद गल्ल्या, मुलांना रस्त्यावाचून दुसरं अंगण नाही. तिथल्या पार्मेंटर रस्त्यावरच्या एका चॅपेलच्या आवारात वाळूची गाडी रिकामी करण्यात आली. पहिल्या उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून तीन दिवस सरासरी पंधरा मुलं येत. लाकडी फावडी हातात घेऊन ती वाळू उकरत, वाळूच्या वड्या थापत, आणि वस्तीतल्या बायका जवळपास बसून लक्ष ठेवत. दोनच वर्षांत असे दहा ढीग झाले आणि लक्ष ठेवणाऱ्या बायकांना वेतनही मिळू लागलं. अमेरिकेत पुढे जी क्रीडांगणांची मोठी चळवळ झाली, तिची सुरुवात याच 'वाळूच्या बागां'पासून मोजतात.

या कथेत आपलं असं एक माणूस आहे. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेतल्यावर डॉ. आनंदीबाई जोशी अनुभवासाठी ज्या रुग्णालयात गेल्या, ते बोस्टनचं हेच रुग्णालय. झाक्शेव्स्काबाईंनी काढलेलं. प्रकृती ढासळत गेली म्हणून त्यांचं तिथलं वास्तव्य थोडं ठरलं. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गमावलेली ही मुलगी डॉक्टर व्हायला सातासमुद्रापार गेली होती. त्याच शहरात, त्याच वर्षी, त्याच रुग्णालयाच्या संस्थापिकेच्या सांगण्यावरून रस्त्यावरच्या मुलांसाठी वाळू टाकली जात होती. मुलांचं आरोग्य फक्त औषधाच्या बाटलीत नसतं, हे ओळखणाऱ्या स्त्रियांचा तो काळ होता, एवढं मात्र नक्की.

वाळूच्या बागेत तीन गोष्टी होत्या. वाळू, लहान मूल, आणि शेजारी बसलेलं मोठं माणूस. चौथी गोष्ट नव्हती. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ती आली. लोखंड.

१९०३ साली न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत सीवर्ड पार्क उघडलं. अमेरिकेतलं नगरपालिकेनं बांधलेलं पहिलं कायमचं क्रीडांगण ते हेच. धावण्याची वर्तुळाकार वाट, कसरतीची साधनं, मुलांसाठी बाग असा थाट होता. वाळूच्या ढिगाजवळच्या तीन गोष्टी एकदम हद्दपार झाल्या नव्हत्या. तिथल्या मंडपाच्या रुंद ओसरीवर तान्ह्या-रांगत्या मुलांना घेऊन येणाऱ्या आयांसाठी झुलत्या खुर्च्या मांडलेल्या असत. हा तपशील वाचून मला त्या अनामिक अधिकाऱ्याला नमस्कार करावासा वाटला. आमच्या बागेतल्या सिमेंटच्या बाकावर वीस मिनिटांवर बसून दाखवावं!

पण हळूहळू मैदानाचा तोंडवळा बदलला. वस्तीतली दांडगी मुलं रस्त्यावर काही उपद्व्याप करू नयेत, त्यांचे बाहू-पाय मजबूत व्हावेत, त्यांना शिस्त लागावी, अशी समाजधुरीणांची इच्छा. साधनं त्या मुलांच्या मापानं उंच होत गेली. चढायच्या पोलादी सांगाड्याची, म्हणजे आपण ज्याला जंगल जिम म्हणतो त्याची कथा तर मोठी मजेदार आहे. चार्ल्स हिंटन नावाचे एक गणिती होते. ते जपानमध्ये शिकवायला असताना त्यांनी आपल्या मुलांसाठी बांबूची एक चौकटींची रचना उभी केली. हेतू हा की मुलांनी तिच्यावर चढता-उतरता लांबी, रुंदी, उंची अंगात मुरवून घ्यावी आणि पुढे चौथ्या मितीचीही कल्पना करावी. मुलांना चौथी मिती उमगली की नाही ते राहू द्या, चढण्याची मजा मात्र पक्की लक्षात राहिली. त्यांतला सेबॅस्टियन पुढे शिकागोत पेटंटांचा वकील झाला आणि बापाच्या बांबूच्या चौकटीचं लोखंडी रूप त्यानं आपल्या नावावर नोंदवलं. १९२३ साली पेटंट मिळालं. जगभरच्या बागांतून मुलं आजही एका गणित्याच्या हट्टावर माकडांसारखी लोंबकळत असतात.

इकडे इंग्लंडात केटरिंग गावी चार्ल्स विकस्टीड नावाचा कारखानदार होता. त्यानं १९२१ मध्ये मोठं उद्यान उघडलं. त्याआधी मुलांच्या एका मेळाव्यासाठी तिथे झोपाळे उभारले होते, ते तात्पुरते. मेळावा संपला तरी झोपाळ्यांवरची गर्दी हटेना. ते पाहून त्यानं झोपाळे कायमचे केले, पुढच्याच वर्षी घसरगुंडी उभी केली आणि स्वतःच्या कारखान्यात ही साधनं बनवून विकायला सुरुवात केली. रविवारी मुलांनी खेळू नये, मुलामुलींनी एकत्र खेळू नये, असं मानणाऱ्यांचा तो काळ. विकस्टीडला ही दोन्ही बंधनं मान्य नव्हती. आई-बाप, मुलं, सगळं कुटुंबच्या कुटुंब दिवसभरासाठी यावं अशी त्याची कल्पना होती. आपल्याकडच्या रविवारच्या बागेचं हे चित्र आपल्याला इतकं सवयीचं आहे की ते कुणालातरी झगडून मिळवावं लागलं हे ध्यानातच येत नाही.

तरीही झोपाळा, घसरगुंडी आणि चढायचा सांगाडा या तिन्हींमध्ये दोन वर्षांचं मूल कुठे बसतं? झोपाळ्यावर त्याला कुणीतरी धरावं लागतं. घसरगुंडीवर कुणीतरी वर चढवून कुणीतरी खाली झेलावं लागतं. सांगाड्याखाली ते फक्त मोठ्यांच्या चपलांचे तळवे बघतं. मैदान मुलांचं झालं, पण त्यातलं सर्वांत लहान मूल पाहुणं झालं.

ते ओळखलं एका युद्धानं पोळलेल्या शहरानं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ॲमस्टरडॅमची अवस्था वाईट होती. ज्यू कुटुंबांना छळछावण्यांकडे नेल्यानंतर त्यांची घरं ओस पडली. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात शेकोटीसाठी लोकांनी त्या घरांची दारं, तुळया, जिने काढून नेले, आणि घरं कोसळली. गल्ल्यांमध्ये पडलेल्या दातांसारखी रिकामी भगदाडं राहिली. त्या शहराच्या नियोजन खात्यात याकोबा मुल्डर नावाच्या वास्तुविशारद बाई होत्या. त्यांनी एकदा घरासमोर एक चिमुरडी झाडाच्या बुंध्याशी जुन्या चमच्यानं माती उकरून वड्या थापताना पाहिली, अशी आठवण सांगतात. १९४७ साली बेर्टेलमान चौकात एक छोटं क्रीडांगण झालं. आराखडा केला होता खात्यात नुकत्याच लागलेल्या आल्डो फान आइक या तरुणानं. त्याला तेव्हा तिशीही लागली नव्हती.

त्यानं काय केलं? मधोमध नव्हे, चौकाच्या एका कोपऱ्याकडे वाळूचा हौद घेतला. हौदाला काँक्रीटचा रुंद, बुटका काठ. आत चार गोल दगड. पलीकडे कोलांट्या मारायला तीन कमानी. कडेनं झाडं आणि पाच बाक. संपलं. त्या काठाची युक्ती मला सर्वांत आवडली. लहान मूल आतून काठावर वाळूच्या वड्या मांडतं, मोठं मूल त्याच काठावरून तोल सांभाळत पळतं, आणि आई किंवा आजी त्याच काठावर टेकते. एकाच काठावर तीन वयं. बाकावरून ओरडावं लागत नाही, कारण मूल हाताच्या अंतरावर असतं. ते पाहून दुसऱ्या मोहल्ल्यांतून पत्रं येऊ लागली, आमच्याकडेही असं करा. तीस वर्षांत फान आइकनं त्या शहरात सातशेवर क्रीडांगणं आखली. त्यातली कित्येक त्या भगदाडांमध्येच. ज्या जागेवर एक कुटुंब नाहीसं झालं होतं, तिथे शेजारची मुलं वाळूत बसली. त्यातली बहुतेक क्रीडांगणं आज उरलेली नाहीत. शहरं वाढली की पहिली कुऱ्हाड अशाच जागांवर येते, मग ते ॲमस्टरडॅम असो की आपलं गाव.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे लहान मुलाला खेळायला 'न्यावं' लागत नसे. मूल अंगणात असायचंच. आधी पांगुळगाडा घेऊन ओसरीवर, मग उंबरा ओलांडून तुळशीपर्यंत, मग फाटकापर्यंत. आजी तांदूळ निवडता निवडता एक डोळा तिकडे ठेवून असायची. मातीचा वर्षातला मोठा सण म्हणजे दिवाळीतला किल्ला. थोरली मुलं दगड रचणार, माती कालवणार, अळीव पेरणार, मावळे मांडणार. आणि घरातलं कच्चं लिंबू नेमकं संध्याकाळी बुरुजावर जाऊन बसणार. आमच्या वाड्यात दर वर्षी निदान एक बुरुज असा ढासळायचा. पण त्याला कुणी किल्ल्यापासून हाकललं नाही. चिखलाचं एक भांडं त्याच्यासाठी वेगळं असे.

हे अंगण शहरात आक्रसलं. मुंबईत चाळीच्या खोलीत रांगत्या मुलाचं जग म्हणजे दारात आडवी लावलेली एक फळी आणि तिच्यापलीकडची गॅलरी. १८९६ च्या प्लेगनं दाट वस्तीची किंमत काय असते ते दाखवून दिलं, तेव्हा १८९८ साली सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आलं आणि दादर-माटुंग्याच्या बाजूला मोकळ्या जागा राखून वस्त्या आखल्या गेल्या. १९२५ साली महापालिकेनं जे मैदान खुलं केलं त्याचं नाव माहीम पार्क. दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानं ते शिवाजी पार्क झालं. तिथे क्रिकेट घडलं, सभा घडल्या, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्या मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर किती पिढ्यांच्या आजोबांनी नातवंडांना बसवून शेंगदाणे सोलून भरवले, ते कोणत्या इतिहासात लिहिलं जाणार?

स्वातंत्र्यानंतर मुलांसाठी म्हणून खास बागा झाल्या. १९५२ मध्ये मलबार हिलवर कमला नेहरू पार्क झालं आणि त्यात तो अवाढव्य बूट उभा राहिला. बुटात राहणारी म्हातारी मूळची इंग्रजी बडबडगीतातली. पण आपण तिला इतकं आपलंसं केलं की 'म्हातारीचा बूट' हे मुंबई दर्शनातलं एक स्टेशनच झालं. पुण्यात पेशवे पार्कमध्ये १९५६ साली फुलराणी धावू लागली. फुलराणीचं एक वैशिष्ट्य असं की तिच्यात मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि तक्रार करत नाहीत. मूल मांडीवर, खाऊचा पुडा मुलाच्या मांडीवर, अशी अवघी दोन-तीन मिनिटांची फेरी. ज्यांना आई-बापांनी तिच्यात बसवलं, त्यांनी पुढे आपल्या मुलांना बसवलं. या दोन्ही जागा मला प्रिय आहेत. पण खरं सांगायचं तर त्या जत्रेसारख्या आहेत, वर्षातून एकदा नटूनथटून जाण्याच्या. रोजच्या संध्याकाळी चालत जाऊन बसावं, अशी कच्च्या लिंबाची जागा काही त्यांनी भरून काढली नाही.

ती कुणी पाहिली असेल तर ती शहरापासून दूर, बोर्डीसारख्या गावात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे विसरतो. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या. मादाम माँटेसरींची पद्धत त्यांना उत्तम ठाऊक होती. मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवलं होतं. पण ही शहाणी बाई १९४५ साली उठून बोर्डीला गेली, ज्यांच्यापर्यंत हे काही पोचतच नाही त्या मुलांसाठी. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण वस्तीतली मुलं येईनात. कपडे नाहीत, आणून सोडायला कुणी नाही, आई-बाप पहाटेच कामावर गेलेले. तेव्हा ताराबाईंनी जो निर्णय घेतला, तो या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठा वाटतो. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी मुलांच्या अंगणात जाईल. वस्तीतलं एखादं अंगण झाडून घ्यायचं, मुलांचे हातपाय-तोंडं धुवायची आणि तिथेच खेळ मांडायचा. माँटेसरींची महागडी साधनं कुठून आणणार? मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं. या बालवाडीला नाव पडलं अंगणवाडी.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. तिथे आणखी एक अडचण आली. सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येईनात, कारण प्रत्येकीच्या कडेवर एक धाकटं. त्याला टाकून कशी येणार? 'धाकट्याला बरोबर ने' ही आईची अट आदिवासी पाड्यावरही तीच. बाईंनी काय केलं, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. बहीण शाळेत, मधलं बालवाडीत, तान्हं पाळण्यात, आणि सगळी एकमेकांच्या नजरेसमोर. मुलांनी पकडापकडीत जो कायदा केला होता तोच या दोघींनी शिक्षणात आणला. कच्च्या लिंबाला बाहेर काढायचं नाही. त्याला बाहेर काढलं तर त्याची बहीणही बाहेर राहते.

१९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांसाठी हाच मराठी शब्द घेतला गेला. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. आसामपासून तमिळनाडूपर्यंत सरकारी कागदांवर तो शब्द चालतो. दुःख एवढंच की शहरातल्या कित्येक अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात. नावात अंगण आहे, दारात नाही.

शहरातल्या बागांचं उलटं झालं. तिथे जागा होती, पण आपण ती वयांनुसार कापून वाटली. मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीस गिरगाव चौपाटीवर नाना-नानी पार्क झालं, आणि पाठोपाठ गावोगावी तशी उद्यानं झाली. म्हाताऱ्या माणसांना निवांत जागा हवी, याबद्दल माझ्या वयाच्या माणसानं तक्रार करू नये. पण नाव नाना-नानी आणि नातवंडं पलीकडच्या कुंपणात, हे काही मला समजलेलं नाही. नातू नसेल तर मला आजोबा म्हणणार कोण? माझ्या माहितीच्या एका बागेत मुलांच्या भागाजवळचे बाक काढून ते चालण्याच्या पट्ट्याजवळ नेले. आता आज्या उभ्या राहतात.

रबराच्या फरशीबद्दलही माझं भांडण नाही. उंचावरून पडणाऱ्या मुलाचं डोकं त्यामुळे वाचतं, आणि ज्यानं फरशी-सिमेंटवर पडलेलं मूल उचललं आहे तो रबराला नावं ठेवणार नाही. वाळूचा हौद सांभाळायला कष्ट पडतात हेही खरं. तो चाळावा लागतो, रात्री झाकावा लागतो, कुत्र्या-मांजरांपासून राखावा लागतो. त्यापेक्षा एकदा रबर बसवलं की सुटलो. पण अजून ज्याला उंचावर चढताच येत नाही त्या मुलासाठी आपण काय ठेवलं? त्याला पडण्यापासून वाचवलं आणि बसायची जागा काढून घेतली.

गेल्या आठवड्यात बागेत गेलो तर मातीचा ढीग नाहीसा. कोपरा स्वच्छ झाडलेला. बाई त्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे वळून पाहिलं आणि दोन्ही हात उघडून दाखवले. 'संपलं' हे सांगायची तिची तीच खूण आहे, दूध संपलं की करते ती. माळीबुवांना विचारलं. ते म्हणाले, "मुलं माती खातात, कपडे खराब करतात, अशी पालकांचीच तक्रार आली. साहेबांनी ढीग मागे हलवायला लावला." मी गप्प राहिलो. गेले सहा महिने "अगं, माती!" म्हणून ओरडणाऱ्यांत माझाही आवाज होता.

आजींना मात्र गप्प राहवलं नाही. त्या माळीबुवांशी काय बोलल्या ते मला दुरून ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं माळीबुवा मागच्या बाजूनं एक घमेलं घेऊन आले. त्यात चाळलेली माती होती, वर थोडं पाणी शिंपडलेलं. घमेलं त्यांनी कडुलिंबाखाली ठेवलं आणि म्हणाले, "जाताना मागे नेऊन ठेवा, म्हणजे झालं." पाच मिनिटांत तिथे आणखी दोन कच्ची लिंबं येऊन बसली. त्यांच्यातलं एक तर परवाचंच, पकडापकडीतलं. त्याच्या आईनं आधी रुमाल काढला, मग आजूबाजूला पाहिलं आणि तो परत पर्समध्ये ठेवला.

बाक लांब होता. घमेल्याशी बसायचं तर खालीच बसावं लागणार होतं. गुडघ्यांनी थोडी कुरकुर केली, पण बसलो. बाईंनी बरीच खटपट करून एक गोळा वळला, त्याला अंगठ्यानं दाबलं आणि माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "आबा, लाडू."

पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू त्या दिवशी तसाच घरी आला.